घरच्या संगणकाला बिनतारी जोड



काल याच मंडपात आपण ज्ञानेश्वरीवरचे व्याख्यान ऐकलेत. उद्या सहकारी साखर कारखान्यांवरचे ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये, घरच्या संगणकाला वायफायचा अ‍ॅडॉप्टर कसा जोडावा हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या पानात मिठाने मध्यभागी येऊन बसण्यासारखे आहे. संयोजकांना मी तसे म्हणालोही. ते म्हणाले, "मास्तर, मिठावाचून कुणाचे अडत नाही असे थोडेच आहे?" तेव्हा आजच्या तासाभराचा दोष माझा एकट्याचा नाही, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

विषय लहान आहे खरा. काही शे रुपयांना मिळणारी, अंगठ्याएवढी एक पट्टी. ती संगणकाच्या यूएसबी खाचेत खुपसायची, पासवर्ड द्यायचा, की झाले. दुकानदार असेच सांगतो, आणि दहापैकी काही घरांत ते तसेच होतेही. परंतु उरलेल्या घरांत होत नाही. या उरलेल्यांत आमचे घर होते, आणि आमच्या घरात ही पट्टी नीट बसायला सुमारे दोन महिने लागले. मी चाळीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. लहरी म्हणजे काय, कंपनसंख्या म्हणजे काय, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. तरी दोन महिने लागले. का लागले, याचा विचार करता माझी एक मूलभूत चूक माझ्या ध्यानात आली, आणि ती आपल्यापुढे मांडावी म्हणून मी उभा आहे.

ती चूक मी लहानपणापासून बाळगून होतो. आमच्या लहानपणी घरात रेडिओ असला की त्याचे लायसन्स असे. १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा होता. दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्या पुस्तिकेवर शिक्का घेऊन यायचे, हे काम वडील मला सांगत. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. पण विचार करा, तो रेडिओ बिचारा नुसता ऐकत असे. मुंबई केंद्र बोलत होते, तो ऐकत होता. त्याचे मुंबईला काही सांगणे नव्हते. आमच्या पिढीच्या मनात बिनतारी यंत्र म्हणजे असे ऐकणारे यंत्र, ही कल्पना त्या पुस्तिकेच्या शिक्क्याबरोबर पक्की बसली. मीही त्या पट्टीकडे एक छोटा रेडिओ म्हणूनच पाहिले. ती पट्टी ऐकते, आणि तितकेच बोलतेही. तुम्ही एखादे पान उघडायला सांगता, तेव्हा ती राउटरला हाक मारते. राउटरने पाठविलेला प्रत्येक तुकडा पोचला म्हणून पोचही देते. आपण खिशातल्या पैशातून घरी आणतो ते एक लहानसे आकाशवाणी केंद्र असते. ही एक गोष्ट विसरली की पट्टी कोठे ठेवावी हे चुकते, आणि तिला कुलूप कसे लावावे हेही चुकते. मी दोन्ही चुकलो.

आता हकीकत सांगतो. आमचे घर जुन्या पेठेतले, दुमजली. भिंती अडीच फुटी, माती-विटांच्या. राउटर खाली बाहेरच्या खोलीत, आणि संगणक वर माडीवर. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि आमच्या सहावीतल्या नातीचा वर्ग संगणकावर भरू लागला. मी खालून जिन्यावरून एक लांब तार वर नेली. तारेसारखे विश्वासू काही नाही, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण जिना हा तारेचा मार्ग नव्हे. श्रावणातल्या एका संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती दिवा घेऊन वर येत असता त्या तारेत पाय अडकून पडल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. ते दिवस कसे होते ते आपण जाणता. दवाखान्यात जायचीही धास्ती वाटे. प्लास्टर घालून घरी आल्यावर त्या पहिले वाक्य बोलल्या ते असे : "अहो, आधी ती दोरी काढा. मग चहाचे बघू." तार त्याच दिवशी निघाली. त्यानंतर एक जुनी पट्टी पुतण्याने दिली, तिची कथा निराळी आहे, ती शेवटी सांगतो. मग नवी पट्टी आणली.

नवी पट्टी घेताना काय पाहावे? टेबलावरच्या संगणकाला दोन प्रकारची जोड मिळते. एक यूएसबीची पट्टी, बाहेरून लावायची. दुसरे कार्ड, संगणकाची पेटी उघडून आतल्या खाचेत बसवायचे. कार्ड चांगले असते, पण पेटी उघडायचा हात हवा, आणि उघडताना विजेची तार काढलेली हवी. अशा कार्डाचे अँटेने पेटीच्या पाठीमागे, नेमके भिंतीकडे तोंड करून बसतात. तेव्हा तारेच्या टोकावर सुटा अँटेना असलेले कार्ड मिळाले तर तेच घ्यावे. पट्टीचे काम सोपे. मात्र नखाएवढी पट्टी दिसायला गोजिरवाणी म्हणून घेऊ नये. अँटेना हा लहरीच्या लांबीच्या हिशेबात लागतो, आणि लहरीला आपल्या सोयीसाठी आखूड होता येत नाही.

लहरीची लांबी म्हणजे किती? वायफायचे दोन मुख्य पट्टे आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. त्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर, आपल्या अर्ध्या वितीइतकी. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्याची लहर तीन बोटे मावतील एवढी. पहिली भिंत ओलांडण्यात बरी, पण तिच्या पट्ट्यात गर्दी फार. दुसरी वेगवान, पण आमच्यासारख्या अडीच फुटी भिंतीपुढे हात टेकते. भिंतीपलीकडे लहर जाते हे आपल्या देशाला नवे नाही. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती, आणि त्यांच्या प्रयोगांतल्या लहरी तर आपल्या वायफायहून आखूड, काही मिलिमीटरांपर्यंतच्या होत्या. अशा लहरी घरोघरी पाठविण्याची मोकळीक मात्र आपल्याला फार उशिरा मिळाली : २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याची अट माफ केली, आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आणखी रुंद मोकळा केला. वडिलांच्या ऐकणाऱ्या रेडिओला शिक्का लागत होता. नातीच्या बोलणाऱ्या पट्टीला लागत नाही.

तर पेटीवर पाहायचे ते हे, की पट्टी दोन्ही पट्ट्यांची आहे काय. स्वस्त पट्टी पुष्कळदा एकट्या २.४ ची असते. मग असे होते की शेजाऱ्यांची सारी नावे पडद्यावर दिसतात आणि आपल्याच घरचे नाव दिसत नाही, कारण आपल्या राउटरचे ते नाव ५ च्या पट्ट्यात असते. माणूस राउटर बिघडला म्हणून कंपनीला फोन करतो. राउटरची काही चूक नसते. त्या पट्टीला तो स्वरच ऐकू येत नाही.

यानंतरची पायरी ड्रायव्हरची. आपल्याकडे ड्रायव्हर म्हणजे एस. टी. चालवतो तो. इथे त्या शब्दाऐवजी दुभाष्या म्हटले तर चटकन कळेल. पट्टीची भाषा संगणकाला येत नाही, संगणकाची पट्टीला येत नाही. दोघांमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम दुभाष्याचे काम करतो. नव्या विंडोजमध्ये किंवा लिनक्समध्ये पुष्कळ दुभाषे आधीपासून नोकरीला ठेवलेले असतात, म्हणून काही घरांत पट्टी खुपसताच चालू होते. नसला तर डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत पिवळे उद्गारचिन्ह दिसते. माझ्या पट्टीबरोबर एक तबकडी आली होती. संगणकाला तबकडीची खाच नव्हती. आत कागद होता, त्यावर लिहिले होते की ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा. इंटरनेट यावे म्हणून ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर यावा म्हणून इंटरनेट! वेड बरे झाल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड बरे होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

सोडविली ती नातीने. "आजोबा, माझा फोन तारेने जोडा ना," ती म्हणाली. मोबाइल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडायचा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचे. संगणकाला फोनचे इंटरनेट मिळते. पाच मिनिटांचे काम. यासाठी शेजाऱ्यांकडे पेन ड्राइव्ह घेऊन जावे लागत नाही.

पण ड्रायव्हर घ्यायचा कोणता? पेटीवरचे नाव एकाचे असते आणि आतली चिप दुसऱ्याच कारखान्याची. दुभाष्या चिपचा हवा, पेटीचा नव्हे. यूएसबीने लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला दोन ओळखक्रमांक दिलेले असतात, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. प्रत्येकी चार अक्षरांचे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या गुणधर्मांत, तपशिलाच्या पानावर ते सापडतात. ते कागदावर टिपून घ्या आणि त्यांवरून चिप शोधा. आणि ड्रायव्हर उतरवायचा तो पट्टी विकणाऱ्या कंपनीच्या नाहीतर चिप करणाऱ्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच. 'मोफत ड्रायव्हर, एका क्षणात' असे म्हणणारी दुकाने महाजालात जागोजाग थाटलेली आहेत. त्यांच्या दुभाष्याबरोबर चोरही घरात येतो.

काही पट्ट्यांची आणखी एक गंमत आहे. त्या लावताच संगणकाला सांगतात, "मी तबकडी आहे." त्या तबकडीत त्यांचा ड्रायव्हर ठेवलेला असतो, तो बसवल्यावरच त्या आपले खरे रूप दाखवितात. अशी पट्टी लावून पडद्यावर तबकडीचे चित्र दिसले, तर ती बिघडली समजून दुकानात परत नेऊ नका. मी नेली होती.

आमची पट्टी चालू झाली तो दिवस आमच्या घरी सणासारखा गेला. पडद्याच्या कोपऱ्यात चारही रेघा भरलेल्या. दुसऱ्या दिवशी नातीचा वर्ग सुरू झाला आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली. तिला बाई दिसत होत्या, बाई ऐकू येत होत्या, फळा स्वच्छ दिसत होता. पण हजेरीत हिचे नाव आले आणि ही 'हजर' म्हणाली, ते बाईंना पोहोचत नसे. चार दिवस ती वर्गात बसून गैरहजर लागली. पाचव्या दिवशी तिने रडून घर डोक्यावर घेतले. मी रेघा दाखवून म्हणालो, "अगं, रेंज तर पूर्ण आहे!" शिक्षक असून मी हे वाक्य बोललो. त्या रेघा सांगतात की राउटरचे बोलणे पट्टीला कसे ऐकू येते. पट्टीचे बोलणे राउटरला कसे ऐकू येते, याविषयी त्या अवाक्षर सांगत नाहीत. राउटरचे अँटेने मोठे, आवाज मोठा. पट्टीचा अँटेना आत दडपलेला, आवाज बारीक. सभेत ध्वनिवर्धकावरून बोलणाऱ्या वक्त्याचे शेवटच्या रांगेला ऐकू येते, म्हणून शेवटच्या रांगेतल्या माणसाचे वक्त्याला ऐकू येईलच असे नाही.

मग पट्टी कोठे लावली होती ते पाहिले. संगणकाची लोखंडी पेटी टेबलाखाली, तिच्या पाठीमागच्या खाचेत पट्टी, आणि पाठ भिंतीला लागलेली. जिन्याच्या दिशेला, जेथून लहर यायची-जायची, तेथे मधोमध ती पेटी. धातूपुढे लहर परतते. पाणी तिला पिऊन टाकते. आरशाच्या पाठीचा मुलामा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, स्लॅबमधल्या सळया, पावसाळ्यात ओल धरलेली मातीची भिंत, हे सारे तिचे शत्रू. घरात ती आरपार थोडी जाते आणि पुष्कळशी दारांतून, जिन्यातून, भिंतींवर आपटत पोहोचते.

आपटत पोहोचते म्हणजे एकाच बोलण्याचे अनेक प्रतिध्वनी थोड्या थोड्या उशिराने येतात आणि बोलणे फरफटते. यावर उपाय शोधणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेचे जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत आकाशात शोधणारे. विवरे त्यांना सापडली नाहीत. पण फरफटलेला संकेत नीट करण्याची त्यांची विद्या घरातल्या प्रतिध्वनींना लागू पडली, आणि त्या संस्थेला १९९६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. एका घाईच्या वक्त्याकडून सारे वदवून घेण्याऐवजी अनेक सावकाश वक्त्यांना वेगवेगळ्या स्वरांत बोलायला लावायचे, म्हणजे प्रतिध्वनी त्रास देत नाही, असा त्याचा स्थूल अर्थ आहे. नारायणगावजवळ खोडदला आपल्याकडे ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा समूह आहे. तेथे गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणाऱ्या कुजबुजीपुढे आपल्या खिशातले यंत्र आरडाओरड करीत असते. आपले यंत्र बोलते, हे तेथे एका क्षणात पटते.

असो. मी पट्टी काढून पेटीच्या पुढच्या बाजूला लावली. नातीचा 'हजर' पोहोचू लागला. परंतु पूर्ण समाधान नाही; मधूनच सारे ठप्प होई. दहा-पंधरा मिनिटे गप्प, मग पुन्हा चालू. मी एक वही केली. किती वाजता बंद पडले, पाऊस होता काय, वीज गेली होती काय, सारे लिहू लागलो. मला संशय होता शेजारच्या मायक्रोवेव्हचा. त्या भट्टीची कंपनसंख्याही २.४५ गिगाहर्ट्झ, आपल्याच पट्ट्यातली. आणि तिची शक्ती शेकडो वॅट, तर आपल्या पट्टीची एक दशांश वॅटच्या आसपास. झाकणातून किंचित निसटली तरी पट्टीला ती मेघगर्जना. म्हणून मी शेजारच्या वहिनींना गच्चीवरून विचारले, की आपण दूध किती वाजता तापवता? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अजून विसरलो नाही. दूध त्या गॅसवरच तापवीत होत्या. मायक्रोवेव्ह त्यांच्याकडे वर्षभर बंदच पडून होता.

अकराव्या दिवशी वहीच्या एका रकान्याने उत्तर दिले. त्या रकान्यात, नात त्या वेळी काय करीत होती ते मी लिहीत असे. प्रत्येक खेपेस तेथे एकच नोंद होती : 'टिपणे काढली.' तिची टिपणे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. बाई "मागच्या धड्याची टिपणे उघडा" म्हणाल्या की ती डिस्क संगणकाला लावी, पट्टीच्या शेजारच्याच निळ्या खाचेत. डिस्क लागली की वायफाय गेले; डिस्क काढली की आले. आम्ही दोघांनी सात वेळा करून पाहिले, आणि सात वेळा तसेच झाले. चमत्कार वाटावा असा प्रकार, पण चमत्कार नव्हे. निळी खाच यूएसबी ३ ची. तिच्यातून माहिती इतक्या वेगाने धावते की त्या धावण्याचा विद्युत्‌-गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ सालीच यावर निबंध प्रसिद्ध करून सांगितले होते, की अशा डिस्कपासून बिनतारी यंत्र दूर ठेवा. पट्टीच्या कानाशी कुणी ताशा वाजवीत होते, आणि मी दोष देत होतो वहिनींच्या दुधाला!

उपाय केवढ्याचा? यूएसबीची दीड मीटरची जोडतार. ही तार या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची वस्तू आहे, आणि पट्टीच्या खोक्यात ती क्वचितच येते. तारेचे एक टोक संगणकात, दुसऱ्या टोकाला पट्टी, आणि पट्टी जिन्याच्या तोंडाशी, भिंतीवरच्या लाकडी खुंटीला टांगली. माझ्या आजोबांची पगडी ज्या खुंटीवर असे त्या खुंटीवर आता नातीचा वायफाय असतो. खिडकीच्या गजांना मात्र अशी पट्टी बांधू नये. गज लोखंडाचे असतात.

आणखी दोन गोष्टी भराभर सांगतो. तासाभराने जोड आपोआप तुटत असेल, तर संगणक वीज वाचविण्यासाठी पट्टीला झोपवीत असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पट्टीच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरची खूण काढून टाकावी. आणि २.४ च्या पट्ट्यात आपल्या देशात तेरा चॅनेल असले, तरी ते एकमेकांच्या अंगावर बसलेले आहेत. पंगतीत जसे दोन पानांमध्ये अंतर लागते तसे धरले तर १, ६ आणि ११ या तिघांनाच नीट मांडी घालून बसता येते. शेजारी जेथे बसले असतील ते सोडून या तिघांतले एक राउटरमध्ये निवडावे. तीन आणि चार असले मधले पाट धरू नयेत. दोन्हीकडच्यांचे कोपर लागते. वायफायची यंत्रे सभ्य असतात, दुसरा बोलत असला की थांबतात. म्हणूनच लांब बसलेले, सावकाश बोलणारे एक यंत्र साऱ्या घराचा वेळ खाते. म्हाताऱ्या वक्त्यामुळे सभेचे काय होते, ते आपण या क्षणी अनुभवीत आहातच.

आता पुतण्याच्या त्या जुन्या पट्टीची कथा. ही मला सांगायला लाज वाटते, म्हणून शेवटी ठेवली. ती पट्टी फार जुनी. तिला कुलपाचा एकच प्रकार ठाऊक होता, डब्ल्यूईपी नावाचा, आणि ते कुलूप मोडता येते हे २००१ पासून जगजाहीर आहे. आमच्या राउटरला तो प्रकार नकोच होता, म्हणून दोघांचे जुळेना. मी पेठेतल्या एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याने अर्धा तास खटपट केली, मग राउटरचा पासवर्डच काढून टाकला. "काका, चालू झालं बघा," म्हणाला, पैसे घेतले आणि गेला. चालू झाले होते हे खरे. सौभाग्यवतींचा हात गळ्यात बांधलेला, नातीचा वर्ग बुडत होता. मला चालू झालेले हवे होते. तीन आठवडे आमच्या घराचे बिनतारी दार सताड उघडे होते आणि मला त्याची खंत नव्हती. वाचनालयातल्या फाईलमध्ये एक जुनी बातमी अचानक समोर आली, तेव्हा पाठीतून थंडगार कळ गेली.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. पन्नासहून अधिक माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक ई-मेल पोहोचली होती. तिचा माग काढीत पोलीस आले ते नवी मुंबईतल्या एका घरी. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरातल्या वायफायला नीट कुलूप नव्हते, आणि दुसऱ्याच कुणी ते वापरून ती मेल धाडली होती. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांचे वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. त्या गृहस्थाचे यंत्र बोलत होते, आणि त्याच्या नावाने बोलत होते. बोलणारा मात्र कोणी तिसराच. हे वाचून मी वाचनालयातून तडक घरी आलो आणि आधी राउटर बंद केला. नवी पट्टी आणली ती या कारणासाठी. बाकी सारे त्यानंतर.

तेव्हा पट्टी जुनी असेल आणि तिच्यासाठी राउटरचे कुलूप हलके करा असे कोणी सांगू लागला, तर कुलूप ठेवा आणि पट्टी बदला. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हा प्रकार निवडा. पासवर्ड आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. आपण आठावर थांबतो, आणि त्यातही मुलाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा; आपल्याला पाठ होतात, दुसऱ्याला सुचत नाहीत. राउटरच्या स्वतःच्या सेटिंगला जो दुसरा पासवर्ड असतो, तो कारखान्यातून आला तसाच पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे असतो, तोही बदला.

आता शेजारधर्माचा प्रश्न. विरजण मागायला आलेल्याला आपण नाही म्हणत नाही, वर्तमानपत्र देतो, मग वायफायचा पासवर्ड नाही कसा म्हणायचा? मलाही हे जड गेले. पण विरजण नेलेला माणूस त्या दह्याचे काय करतो याचा जाब आपल्याला कोणी विचारीत नाही, वायफायचा विचारतात. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे नाव आणि निराळा पासवर्ड करता येतो. पाहुणा आला की चालू करावे, गेला की बंद. आमच्याकडे ते नाव 'ओसरी' असे ठेवले आहे. माजघराचा पासवर्ड नातीला आणि मला ठाऊक आहे. सौभाग्यवती म्हणतात, त्यांना तो नकोच.

अध्यक्षांनी दोन चिठ्ठ्या दिल्या आहेत. पहिलीत विचारले आहे, की तार चांगली की बिनतारी? जेथे भिंतीच्या कडेने, पायात न येता तार नेता येते, तेथे तार. आमच्या खालच्या टीव्हीला तारच आहे. दुसऱ्या चिठ्ठीत एका भगिनीने विचारले आहे, की त्यांच्या घरी इंटरनेट जोडलेले दिसते, पण कोणतेच पान उघडत नाही आणि सुरक्षिततेची सूचना येते. संगणक जुना असल्यास आधी त्याच्यावरची तारीख पाहा. आतल्या घड्याळाची नाण्यासारखी बॅटरी संपली, की संगणक काही वर्षे मागे जातो, आणि आजची प्रमाणपत्रे त्याला अजून जन्मालाच न आलेली वाटतात. ती बॅटरी घड्याळजीकडेही मिळते.

पट्टी, जोडतार आणि माझी ती वही इथे मेजावर ठेवली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे; मात्र वहीतला शेजारच्या दुधाचा रकाना कोणी मोठ्याने वाचू नये, वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.